पोरांच्या नशेवर व्याख्यान ठेवायचं म्हणतायत. खरंच उपयोग होतो का?

आभाळवेडी

आमच्या वस्तीच्या टोकाला एक अर्धवट सोडलेली इमारत आहे. गेल्या महिन्यात तिथे आठवी-नववीतली चार मुलं दारूची बाटली आणि कसल्याशा गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांसकट सापडली. कुणाला काही झालं नाही, पण पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जो धुरळा उडाला तो अजून खाली बसलेला नाही. पहिले दोन दिवस 'कुणाची मुलं?' एवढाच विषय. मग 'शाळा काय झोपा काढते का', मग 'पोलीस काय करतात'. शेवटी रविवारी बैठक झाली आणि ठरलं काय, तर मुलांची रॅली, घोषणांचे फलक आणि एका वक्त्यांचं व्याख्यान. हे वक्ते सडलेल्या फुप्फुसांची आणि यकृतांची चित्रं दाखवतात म्हणे.

समितीत माझं नाव घातलंय, मला न विचारता. माझी मुलगी आठवीत आहे. तिला सांगितलं तर म्हणाली, "आई, त्या चित्रांवर पोरं हसतात."

शाळा, पालक, डॉक्टर, दुकानदार, पोलीस अशा सगळ्यांनी मिळून काही केलंय आणि त्याने फरक पडलाय, असं कुणी पाहिलंय का? 'संस्कार कमी पडले' असं लिहायचं असेल तर खुशाल लिहा, पण पुढे काय करायचं तेही लिहा.

जुना_जाणता

लिहितोच. संस्कार कमी पडले.

आमच्या वेळी गल्लीतला कुठलाही मोठा माणूस कुठल्याही पोराचा कान पिरगळायचा आणि ते पोर घरी जाऊन सांगायचं नाही, कारण सांगितलं तर दुसरा कान पिरगळला जायचा. आता दुसऱ्याच्या मुलाला नुसतं 'इथे काय करतोस रे' विचारलं तर त्याचे आईबाप आपल्या दारात. मग आम्ही बघून न बघितल्यासारखं करतो. पुढे काय करायचं ते तुम्ही तरुणांनी ठरवा.

काठावरून

एकोणीस वर्षं व्यसनमुक्ती समुपदेशनात आहे. माझ्यापर्यंत येतात ती मुलं बुडायला लागल्यावर येतात, म्हणून हे नाव घेतलंय.

व्याख्यानाने काही होत नाही. हे माझं मत नाही, हे मोजून झालंय. १९८३ साली लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी तिथल्या शाळांबरोबर 'डेअर' नावाचा कार्यक्रम सुरू केला. गणवेशातला पोलीस वर्गात येऊन मुलांना नशेचे दुष्परिणाम सांगायचा, 'नाही' म्हणायला शिकवायचा. बघता बघता तो अमेरिकाभर पसरला. मुख्याध्यापक खूश, पालक खूश, पोलीस खूश. १९९४ मध्ये तोवरचे अभ्यास एकत्र मांडून पाहिले तेव्हा मुलांच्या नशा करण्यावरचा परिणाम जवळजवळ शून्य निघाला. गंमत म्हणजे त्यानंतरही कित्येक वर्षं तो तसाच चालू राहिला, कारण सगळ्यांना काहीतरी केल्याचं समाधान मिळत होतं.

रॅलीचंही तेच. फोटो छान येतात.

आणखी एक, कारण हे समितीत हमखास सुचतं: 'वाया चाललेल्या' मुलांना वेगळं काढून त्यांचा खास गट करू नका. थॉमस डिशन आणि जोन मॅकॉर्ड यांनी १९९९ मध्ये अशा प्रयोगांचे निकाल मांडले. धोक्यातल्या मुलांना एकत्र बसवलं की ती एकमेकांच्या किश्शांवर हसतात, हसल्यामुळे किस्से वाढतात आणि काही प्रयोगांत मुलं आधीपेक्षा जास्त बिघडली. मॅकॉर्डबाईंनी तर १९३९ मध्ये सुरू झालेल्या एका प्रकल्पातल्या मुलांचा तीस वर्षांनी माग काढला होता. अत्यंत चांगल्या हेतूने मदत मिळालेली मुलं मदत न मिळालेल्यांपेक्षा वाईट अवस्थेत होती. त्यातही सुट्टीतल्या शिबिरांना पुन्हा पुन्हा पाठवलेली सर्वांत वाईट.

तुमच्या त्या चौघांना एकत्र 'समुपदेशनाला' पाठवायचा ठराव झाला असेल तर आधी तो रद्द करा.

आभाळवेडी

झालाय. तोच ठराव झालाय. :(

मधली_सुट्टी

शिक्षिका आहे, त्यामुळे 'शाळा काय झोपा काढते का' यावर थोडी चिडून लिहितेय.

शाळेत मूल सहा-सात तास असतं. तुमची ती इमारत शाळेच्या वेळेत वापरली जात नाही. शाळा सुटल्यापासून आईवडील घरी येईपर्यंतचे दोन-तीन तास कुणाचे? ते कुणाचेच नाहीत. मुलांना ते बरोबर कळतं.

शाळा काय करू शकते त्याचं एक उदाहरण देते, त्यात दारूचा 'द'सुद्धा नाही. बाल्टिमोरमध्ये १९८५-८६ साली पहिलीच्या वर्गांत एक खेळ लावला होता. वर्गाचे गट पाडायचे, ठरलेल्या वेळात गटाने ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त वेळा नियम मोडले नाहीत तर गट जिंकणार. एवढंच. शेजारचं दंगेखोर पोर शांत बसावं यात सगळ्यांचा स्वार्थ. ती मुलं १९ ते २१ वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली, तर पहिलीत जे मुलगे मारकुटे होते त्यांच्यात नशेचं प्रमाण खेळ न खेळलेल्या तशाच मुलांपेक्षा बरंच कमी होतं. सहा वर्षांच्या मुलाला रांगेत थांबायला शिकवणं हे नशामुक्तीचं काम आहे, असं आमच्या संस्थाचालकांना सांगितलं तर ते मलाच समुपदेशनाला पाठवतील.

उंटावरचा_शहाणा

आता कुणीतरी आइसलँड आणणार. वाट बघतोय.

काठावरून

@उंटावरचा_शहाणा, आणतेच.

१९९८ मध्ये आइसलँडच्या १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुलं मागच्या महिन्याभरात एकदा तरी दारू पिऊन झिंगली होती. २०१६ मध्ये ५ टक्के. रोज सिगारेट ओढणारी २३ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आली, गांजा कधीतरी ओढून पाहिलेली १७ वरून ७ वर. व्याख्यानं देऊन हे झालं नाही. त्यांनी आधी मुलांनाच विचारलं: काय घेता, कुठे घेता, कुणाबरोबर, आणि न घेणारी मुलं संध्याकाळी काय करतात? न घेणाऱ्यांमध्ये चार गोष्टी पुन्हा पुन्हा दिसल्या. आठवड्यातून तीन-चारदा खेळ किंवा कसला तरी नियमित क्लब, आईवडिलांबरोबर रोजच्या दिवसांत घालवलेला वेळ, शाळेत आपल्याला कुणी विचारतंय ही भावना, आणि रात्री उशिरा बाहेर न भटकणं.

मग त्या चार गोष्टींवर सगळे तुटून पडले. सरकारने तंबाखूसाठी १८ आणि दारूसाठी २० वर्षांची अट ठेवली, जाहिराती बंद केल्या. नगरपालिकांनी खेळ आणि संगीतावर पैसे ओतले. १३ ते १६ वयाच्या मुलांनी हिवाळ्यात रात्री दहानंतर आणि उन्हाळ्यात बारानंतर एकटं बाहेर राहायचं नाही असा कायदा केला. आणि पालकांनी शाळाशाळांत आपसात लेखी करार केले: माझ्या घरी अल्पवयीन मुलांना दारू मिळणार नाही, मोठं कुणी नसताना पार्टी होणार नाही, तुझं मूल मला रस्त्यात दिसलं तर मी विचारीन आणि तुला सांगीन.

जुना_जाणता काका, शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. तुमचा कान पिरगळणाराच आहे तो, फक्त कान न पिरगळता आणि आधी परवानगी घेऊन.

जुना_जाणता

वाचलं. आमच्याकडे करार लागत नसे.

उंटावरचा_शहाणा

माझे आक्षेप. एक, आइसलँडची लोकसंख्या साडेतीन-चार लाख. एवढी माणसं आमच्या एका लोकल मार्गावर उभी असतात. दोन, त्याच काळात बऱ्याच श्रीमंत देशांत पोरांचं पिणं कमी झालं, जिथे असला काही प्रकल्प नव्हता तिथेही. म्हणजे सगळं श्रेय कराराला कसं? तीन, पैसा. त्यांनी मैदानं बांधली. आपण फलक रंगवतो, कारण फलक परवडतो.

बाकी बायकोने आत्ताच विचारलं, "तू स्वतः रोज संध्याकाळी काय करतोस मुलाबरोबर?" त्यामुळे सध्या एवढंच.

काठावरून

दुसरा आक्षेप बरोबर आहे, म्हणून मी आइसलँडवर थांबत नाही. त्यांच्याकडे चिठ्ठ्या टाकून केलेली तुलना नव्हती. तशी तुलना अमेरिकेत झाली. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या डेव्हिड हॉकिन्स आणि रिचर्ड कॅटलानो यांची 'कम्युनिटीज दॅट केअर' नावाची पद्धत आहे. २००३ पासून सात राज्यांतली २४ छोटी गावं घेतली, जोड्या लावल्या, चिठ्ठी टाकून निम्म्या गावांत ही पद्धत राबवली, निम्म्यांत नाही. पाचवीतली सुमारे ४,४०० मुलं आठवीपर्यंत पाहिली. पद्धत राबवलेल्या गावांत दारूला नव्याने सुरुवात करण्याचं प्रमाण साधारण एक तृतीयांशाने कमी, सिगारेटचंही तेवढंच, मारामाऱ्या-चोऱ्यांची सुरुवात पावपट कमी.

त्यात मैदानं बांधली नाहीत. गावातल्या लोकांचं एक मंडळ: शिक्षक, पोलीस, डॉक्टर, धर्मस्थळाचे लोक, व्यापारी, पालक, काही मुलं. आधी सगळ्या शाळांत निनावी सर्वेक्षण. त्यातून आपल्या गावात नेमकं काय दुखतंय ते शोधायचं. कुठे घरात नियमच नाहीत, कुठे मुलं शाळेपासून तुटलीत, कुठे दारू फार सहज मिळते. त्यातली दोन-तीन दुखणी निवडायची आणि त्यांच्यावर आधी तपासून सिद्ध झालेलेच उपाय लावायचे. मनाला येईल ते नाही. दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा सर्वेक्षण. म्हणूनच एका गावाची यादी दुसऱ्या गावाशी जुळत नाही.

आभाळवेडी, तुमच्या समितीने आजार न तपासता औषध लिहून दिलंय.

सतरा_पूर्ण

मी इथे नुसती वाचते, आज पहिल्यांदा लिहितेय. वय नावात आहे.

तुम्ही सगळे 'मुलं' 'मुलं' म्हणताय म्हणून सांगते. आम्हाला वाटतं सगळे घेतात. मलाही नववीत तेच वाटायचं, वर्गातले निम्मे पितात असं. नंतर एकदा आम्ही सात मैत्रिणी रात्री जागत होतो, खरं सांगायचं ठरलं. सातपैकी एकीने एकदा चाखली होती आणि तिला ओकारी आली होती. बाकीच्या सहाजणी 'अगं मी पण' असं नुसतं म्हणत होत्या. जे घेतात ते मोठ्याने बोलतात, जे घेत नाहीत ते गप्प बसतात. आणि तुमची रॅली बघून आम्हाला काय कळतं, तर एवढी मोठी रॅली काढतायत म्हणजे नक्कीच सगळे घेत असणार.

आणि सर्वेक्षण केलंत तर प्लीज वर्गशिक्षकांना वर्गात थांबवू नका. अक्षर ओळखतात.

मधली_सुट्टी

@सतरा_पूर्ण, ओळखतो. खरंय. :)

काठावरून

हिला समितीत घ्या. मस्करी नाही.

अक्षराचा मुद्दा बरोबर. लिहायचं काही ठेवूच नका, फक्त खुणा. नाव नाही, हजेरी क्रमांक नाही. बाहेरचा माणूस कागद वाटेल, मुलं घडी करून बंद पेटीत टाकतील. एखाद्या तुकडीत मुलं फार कमी असतील तर त्या तुकडीचे आकडे वेगळे काढू नका, लगेच ओळखू येतं कोण ते. थापांसाठीही एक युक्ती आहे: युरोपातल्या शालेय सर्वेक्षणांत यादीत एक अस्तित्वातच नसलेला पदार्थ घुसवतात. 'रेलेव्हिन घेतलंय का?' हो म्हणणारा वीर ताबडतोब सापडतो. असे वीर फार कमी निघतात. मुलं बहुतेक खरं सांगतात, विचारणाऱ्यावर विश्वास असेल तर.

नाव_नको

लिहू की नको करत तीन दिवस गेले.

माझा मुलगा आता बावीस वर्षांचा आहे, तीन वर्षं झाली सगळं सोडून. सुरुवात तेराव्या वर्षी, माझ्या कपाटातल्या बाटलीतून. काढलेल्या जागी पाणी भरून ठेवायचा. मला चव वेगळी लागायची, पण मला वाटायचं दुकानदारच फसवतोय. मग आजीच्या झोपेच्या गोळ्या. त्यासाठी तो कुठल्या अड्ड्यावर गेला नाही, आमच्या स्वयंपाकघराच्या फडताळापर्यंत गेला.

मला एक सांगायचंय. माझं मत होतं की घरी आपल्यासमोर थोडी दिली तर बाहेर जाऊन पिणार नाही. चौदाव्या वाढदिवसाला मी स्वतः ग्लास हातात दिला. मोठा उदारमतवादी बाप. नंतर वाचलं की ऑस्ट्रेलियात सुमारे १,९०० मुलांकडे सहा वर्षं लक्ष ठेवून हेच तपासलं होतं. आईबापांनी दिल्याने मूल सुरक्षित राहतं याचा काही पुरावा मिळाला नाही, उलट अशी मुलं पुढे बाहेरूनही मिळवू लागतात. २०१८ मध्ये छापून आलं. माझ्या उपयोगाचं नव्हतं तेव्हा.

आणि तो जेव्हा पकडला गेला तेव्हा त्याच्या मित्राच्या आईला सहा महिने आधीपासून माहीत होतं. तिने सांगितलं नाही, कारण 'तुम्हाला वाईट वाटेल'. मी तिला दोष देत नाही. तिने सांगितलं असतं तर मी तिच्याशी भांडलो असतो, हे मला माहीत आहे.

जुना_जाणता

नाव_नको, बरं केलंत लिहिलंत.

आभाळवेडी

धन्यवाद, खूप. मी आत्ता उठून आमचं औषधांचं कपाट उघडलं. सासऱ्यांच्या ऑपरेशननंतरच्या वेदनाशामक गोळ्यांची जवळजवळ भरलेली पट्टी निघाली. ऑपरेशन दोन वर्षांपूर्वीचं.

उंटावरचा_शहाणा

आमच्याकडे खोकल्याच्या औषधाच्या तीन बाटल्या. आणि मुलाच्या टेबलाच्या खणात व्हाइटनर. तो बहुधा फक्त व्हाइटनर आहे. पण आता मी बघत बसलोय त्याच्याकडे.

काठावरून

बघा, पण खण उचकून नको. विचारा. वास घेण्याच्या गोष्टी सर्वांत लहान वयात सुरू होतात, कारण त्या विकत घ्यायला कुणी अडवत नाही. पहिल्याच वेळी हृदय बंद पडून जीव जाऊ शकतो, हे मुलांना माहीत नसतं आणि पालकांनाही. हे मात्र स्पष्ट सांगा. भीती दाखवायची नाही म्हणजे माहिती द्यायची नाही असं नव्हे.

वयाबद्दलही एक. १९९७ मध्ये अमेरिकेत मोठ्या सर्वेक्षणातून दिसलं की १५ च्या आत पिणं सुरू केलेल्यांपैकी ४० टक्क्यांहून जास्त लोक आयुष्यात कधीतरी दारूच्या विळख्यात सापडतात. २० किंवा त्यानंतर सुरू करणाऱ्यांत हे सुमारे १० टक्के. शहाणे म्हणतील, जी मुलं आधीच अडचणीत असतात तीच लवकर सुरू करतात. खरं आहे, सगळा दोष वयाचा नाही. पण मेंदूचा लगाम घालणारा भाग विशीच्या मध्यापर्यंत पिकत असतो, तेव्हा सुरुवात दोन-चार वर्षं पुढे ढकलता आली तरी माझ्यासारखीचं काम कमी होईल. समितीला 'नशामुक्त वस्ती' असलं ध्येय देऊ नका. 'आठवीऐवजी अकरावी' असं द्या.

उंटावरचा_शहाणा

मी घेणार होतो तो आक्षेप माझ्याच तोंडी घालून उत्तरही दिलंत. मागे घेतो. तिसरा तसाच आहे. पैसा.

आभाळवेडी

(साडेतीन महिन्यांनी)

धागा वर काढतेय, कारण काय झालं ते सांगायचं कबूल केलं होतं.

रॅली झाली. ती मला थांबवता आली नाही. फोटो छान आले.

व्याख्यान रद्द झालं आणि त्या पैशात सर्वेक्षण केलं. आसपासच्या दोन शाळा तयार झाल्या, तिसरीने 'आमच्याकडे असला प्रकार नाही' म्हणून नकार दिला. इमारतीत सापडलेल्या चौघांपैकी दोघे त्याच शाळेतले. प्रश्नावली मधली_सुट्टी आणि सतरा_पूर्ण यांनी फोनवरून तपासून दिली, कागद वाटायला कॉलेजची मुलं आली. खोटा पदार्थ आम्हीही घातला होता. नाव सांगत नाही, पुन्हा वापरायचाय.

निकालाने समितीची झोप उडाली. दारू कुठून मिळाली, या प्रश्नाला सर्वांत जास्त खुणा 'दुकान' किंवा 'मित्र' यांच्यापुढे नव्हत्या. 'घरातून' पुढे होत्या. बैठकीत तीन-चार मिनिटं कुणी बोललं नाही. मग एक गृहस्थ म्हणाले, पोरं खोटं लिहितात. तेव्हा मी खोट्या पदार्थाचा आकडा दाखवला. दुसरी गोष्ट, न घेणारी मुलं खूप जास्त निघाली, आणि 'तुमच्या वर्गात किती जण घेतात असं वाटतं?' याची उत्तरं खऱ्या आकड्याच्या कितीतरी पट. ते मुलांनाच वर्गात दाखवलं. सतरा_पूर्ण, तू म्हणाली होतीस अगदी तसं.

पालकांचा करार केला. निम्म्याहून थोड्या जास्त घरांनी सही केली. बाकीच्यांपैकी काही म्हणाले आमच्या मुलावर आमचा विश्वास आहे, काहींनी दारच उघडलं नाही. एका बाईंनी सही केली आणि दुसऱ्या दिवशी येऊन खोडली, नवऱ्याने ओरडल्यामुळे. आता पुढच्या वेळी करारातली घरच्या कपाटातल्या बाटल्यांची अट आधी लिहायची की शेवटी, यावर समितीत दोन तट पडलेत.

दुकानदारांचं वाटलं त्यापेक्षा सोपं गेलं. कुणी धमकावायला न जाता आम्ही दोघी-तिघी आणि पोलीस ठाण्यातल्या एक बाई गेलो. एक दुकानदार म्हणाला, "मी वय विचारतो तर पोरं शेजारच्याकडे जातात, तो विचारत नाही. दोघांना एकदम सांगा." सांगितलं. दुसरा नाराज आहे.

चौघांपैकी तिघे आता वेगवेगळ्या ठिकाणी आहेत: एक तालमीत, एक तबला शिकतोय, एक मोठ्या भावाच्या दुकानात बसतो. चौथ्याच्या घरचे काही बोलत नाहीत. त्याची आई मात्र शनिवारच्या फेरीला येते. शनिवारी रात्री आम्ही चार-पाच जण वस्तीभर एक चक्कर मारतो. कुणाला ओरडायचं नाही, पकडायचं नाही, फक्त दिसायचं आणि 'काय रे, उशीर झाला, घरी सोडू का?' विचारायचं. पहिल्या शनिवारी पोरं पळाली. आता 'काकू, निघतोच आहोत' म्हणतात आणि निघत नाहीत. पण बोलतात.

इमारत तशीच आहे. मालक सापडत नाही. शेजारच्या मैदानावर दिवा लावला तर पोरं संध्याकाळी खेळू शकतील, म्हणून अर्ज दिलाय, त्याला आता नऊ आठवडे झाले. सर्वेक्षण पुढच्या वर्षी पुन्हा.

उंटावरचा_शहाणा

नऊ आठवडे अर्ज पडून. मी म्हटलं होतं, पैसा. तरी अभिनंदन. आमच्या भागात सुरू करायचं म्हणतोय, प्रश्नावली मिळेल का?

आभाळवेडी

मिळेल. पण तशीच वापरू नका, काठावरूनताई ओरडतील.

जुना_जाणता

त्या दिव्याचा अर्ज कुठल्या टेबलावर आहे ते कळवा. मला निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, सकाळचा वेळ मोकळाच असतो. मी जाऊन बसतो तिथे.